काटा नसलेला गळ

मी एक जुना गळ आहे. मित्रांनो, मासे धरायच्या गळाला टोकाशी एक उलटा काटा असतो. त्यात अडकलेला मासा सुटत नाही. मला मात्र तो काटा नाही. ही चूक बंडप्पा लोहाराची.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. परंड्याजवळ सीना नदीच्या डोहात एक अगडबंब शिवडा मासा राहतो, असं सगळे सांगत. कुणी म्हणे, पाण्यावर आलेलं करडू त्यानं गिळलं. त्याच्या हातभर मिशांमुळं लोक त्याला 'जमादार' म्हणत. पाहिला मात्र कुणीच नव्हता! एके सकाळी तो गफार पिंजाऱ्याला दिसला, माणसाहून लांब. गफारनं बाजारात सांगितलं, तर लोक खो खो हसले.

"गफारभाई, मूठभर कापसाची गादी करायची सवय तुमची!"

गफार भला माणूस, पण हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. मासा आणून दाखवायचाच, असं त्यानं ठरवलं. तो बंडप्पाला म्हणाला, "लई वजन पेलंल असा गळ करा." बंडप्पानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून मला घडवलं. मी असा देखणा झालो की माझी मलाच ऐट वाटे. पण विहिरीत पडलेल्या बादल्या ज्यानं काढतात त्यालाही आपण गळच म्हणतो ना! बंडप्पाला वाटलं, तोच हवा असणार. म्हणून त्यानं काटा केला नाही. गफारला इतकी घाई, की त्यानंही टोक नीट पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जमादारानं मला तोंडात घेतलं. दोर ताणला गेला, गफार कमरेइतक्या पाण्यात ओढला गेला आणि मासा वर आला. त्याची एक मिशी तुटलेली होती, अंगभर जुने वण होते. घटकाभर दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. मग त्यानं डोकं झटकलं आणि मी सटकलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे ऐकून बंडप्पा हळहळला. "आणा इकडं. आत्ता काटा करून देतो. मासा आणला की कुनी हसायचं न्हाय."

गफार मला हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बंडप्पा. लई म्हातारा हाय तो. मी खरा ठरावं म्हनून त्यानं कशापायी मरावं?"

बाजार पुढं जन्मभर हसला. गफारही त्यांच्यात हसून घेई. त्याची बायको रजियाबी मला विहिरीवर नेई. कुणाची बादली पडली की आधी माझी आठवण होई, माझं कौतुकही होई. मग घरोघरी नळ आले. आता गफार नाही, रजियाबी नाही, मी खुंटीवर गंजत पडलो आहे.

मित्रांनो, मला भंगारात देऊ नका, थोडं तेल लावा. आणि घरातलं म्हातारं माणूस मोठ्या माशाची गोष्ट सांगू लागलं, तर हसू नका. मी त्या माशाच्या तोंडात होतो. गफार खरं बोलत होता.