मेथीचा डबा

झाकण निघालं तसा मेथीचा वास — लसणाची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट — थेट पोटावरच्या आडव्या शिवणीपर्यंत गेला, आणि नृसिंहाला वाटलं, आतलं ते ओळखतंय... नऊ महिन्यांपूर्वी ते भीमराजचं यकृत होतं.

"खावा म्हाराज. भीमाला लई आवडायची. तिसगावापास्नं मांडीवर धरून आणलीया."

भिमाबाई सतरंजीवर बसल्या होत्या. आल्या तेव्हा त्या "जयभीम" म्हणाल्या, तो "रामकृष्णहरी" म्हणाला, आणि दोघंही नेहमीसारखे हसले. दिल्लीच्या त्या रुग्णालयात मराठी बोलणाऱ्या दोनच बायका होत्या — या, ज्यांचा ड्रायव्हर मुलगा अपघातानंतर पुन्हा शुद्धीवर येणार नव्हता, आणि सुचित्रा, जिच्या नवऱ्याचं यकृत संपत आलं होतं. भिमाबाईंनी कागदावर अंगठा दिला, म्हणून तर नृसिंह आज भिंगारच्या देवळात कीर्तनाला झांज धरून उभा राहतो, दर एकादशीला अवयवदानाचं आख्यान लावतो, "रक्ताला जात नसते, मायबाप!" म्हणतो, आणि माणसं डोळे पुसतात.

मग गेल्या सोमवारी पाय सुजला. एकच, डावा. पुण्याचे डॉक्टर रिपोर्टवरून मान न उचलता म्हणाले, "रक्ताची गाठ आहे. रक्त नको तिथे गोठू नये म्हणून यकृत जे द्रव्य तयार करतं, ते हे यकृत पुरेसं करत नाही. तुमचं आधीचं रक्त चांगलं होतं. दोष यकृताबरोबर आलाय, जन्मजात. त्याच्या आईला, बहिणीला तपासून घ्यायला सांगा. लवकर." रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, पालेभाज्या बंद, त्या गोळीचं काम मारतात.

आठ दिवस झाले. पोस्टकार्डावर तीनदा 'भिमाबाईंस सा. न.' लिहिलं... आणि पुढे? तुमच्या लेकानं दिलं त्यात खोट होती? कसं लिहायचं, पांडुरंगा? त्या माउलीपाशी तेवढंच तर उरलंय...

"त्यांना बाहेरचं चालत नाही हो, मावशी," सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारातून घाईनं म्हणाली. वाचवायलाच बोलली ती.

झाकण धरलेला हात थांबला.

"भायेरचं," भिमाबाई म्हणाल्या. "व्हय. आमी भायेरचंच की." आणि हसल्या, ते जास्त वाईट. "प्वाटातलं चालतंय. हातचं न्हाई चालत."

"मावशी, तसं नाही—" त्यानं घास उचलला. एका घासानं काही मी मरत नाही. खाल्ला की सगळं गोड. त्या पदर सावरतील, म्हणतील भीमाच जेवला, साडेपाचच्या एस.टी.नं समाधानानं जातील... आणि पोस्टकार्ड तसंच अर्धवट राहील.

घास बघून त्या निवळल्या. "भीमाच्या भैनीनं, भारतीनं निवडलीया. सातवा लागलाय पोरीला. पाय ह्यो एवढा सुजलाय, तरी बसून काडी काडी निवडली. सासू म्हंती, पोटुशीचा पाय सुजायचाच."

बोटांतला घास गार लागला.

कीर्तनात कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक होतं. नेमक्या त्या जागी झांज वाजायची आणि मंडप हुंदका द्यायचा. इथे झांज नव्हती. समोर एकटी बाई होती, आणि गेले आठ दिवस ज्याला आपण तिच्यावरची माया म्हणत होतो ते निराळंच काही निघालं — तिनं आपल्याकडे असंच बघत राहावं, एवढंच.

त्यानं घास परत डब्यात ठेवला.

भिमाबाईंचा चेहरा मिटत गेला. तो मिटताना त्यानं पाहिला, नजर काढली नाही. समजू दे, क्षणभर मला तसलाच समजू दे...

"मावशी," तो म्हणाला, आणि आवाज देवळातला नव्हता, बारीक, कुणाचाही असावा तसा होता, "पाय एकच सुजलाय का दोन्ही?"