तळघराचं सोवळं

चारुलताबाईंच्या स्वच्छतेपुढे महाडात कुणाची डाळ शिजत नसे. नवरा शरच्चंद्र शाळेत मास्तर, लेक सुनीती सहा वर्षांची, आणि घराखाली दगडी तळघर. तळघरात वर्षाच्या लोणच्याच्या बरण्या, त्याही सोवळ्यातल्या. बाईंखेरीज तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्याने बाई तिथली जमीन आणि भिंती शेणाने सारवत. भिंतीवर पांढरे-हिरवे डाग दिसले की आणखी दोन घागरी पाणी, आणखी शेण. झरोके कायम बंद, कारण त्यातून रस्त्यावरची धूळ यायची. धन्य ते सोवळं!

डाग मात्र वाढतच गेले. कुबट वास वरच्या खोलीत चढला आणि तिथे झोपणाऱ्या सुनीतीला धाप लागू लागली. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. वैद्यबुवा म्हणाले, "या घरात पोरीचं कठीण आहे. दिवाळीनंतर पुण्याला आत्याकडे धाडा." पोटची पोर दूर जाणार, या विचाराने बाईंच्या तोंडात घास फिरायचा.

दसऱ्यानंतर रखमा लाकडाची मोळी घेऊन आली. पोलादपूरच्या अलीकडच्या वाडीतली ही कुणबीण, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. मोळी टाकता टाकता तिने नाक मुरडलं.

"बाय, खाली काय कुजलंय?"

बाईंनी बुरशीचं सांगितलं, रोजच्या सारवणाचंही सांगितलं. रखमाने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय! बुरशीला रोज पाणी नि खत घालताव, मंग ती जाईल कशापायी?"

बाईंचा राग मस्तकात गेला. त्या दोन शब्द सुनावणारच होत्या, तेवढ्यात आतून सुनीतीचा खोकला ऐकू आला.

"खाली ये," बाई म्हणाल्या. "तूच बघ."

रखमा थबकली. "तुमचं सोवळं हाय ना?"

"चुलीत गेलं सोवळं! ये तू."

मग काय विचारता! घरी भाताची कापणी अडली होती, तरी रखमा चार दिवस महाडात भावाकडे राहिली. सुनीतीला शेजारी पाठवलं, बरण्या पुसून उन्हात ठेवल्या. नाकातोंडाला पदर बांधून दोघींनी सारवणाचे थर बुरशीसकट खरवडले. झरोके सताड उघडून शेगडीतल्या निखाऱ्यांनी भिंती सुकवल्या आणि मग चुन्याचे दोन हात दिले. "आता पाण्याचा थेंब नाय लावायचा," रखमाने बजावलं. "आमचं बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ऱ्हातं. ऊब नि वारा लागला की बुरशीची काय टाप!"

दिवाळी झाली. वैद्यबुवांनी सुनीतीच्या पाठीला एकदा कान लावला, खात्री करायला पुन्हा लावला. "कशाला पुण्याला? राहू दे इथेच," ते म्हणाले. बाई तिथेच रडल्या.

पुढल्या बाजाराला रखमा आली, तशी बाईंनी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. रखमा दचकून मागे सरली.

"अवो, काय करताव! बघल कुनी!"

"बघू दे. चूक माझी होती गं, आणि ती माझ्या लेकीच्या जिवावर उठली होती. आज पोर माझ्या घरात आहे ती तुझ्यामुळे."

रखमा डोळे पुसत पायरीवर टेकली. बाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एका ओळीत तीन पानं मांडली: रखमाचं, सुनीतीचं आणि स्वतःचं.