उशी धरायला माणूस

माझ्या डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग कापून काढला त्या दिवशी मोठे डॉक्टर फार खुशीत होते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने तिथे पोकळी करून ठेवली होती. त्यातून रक्त यायचं, आणि गोळ्या खाऊन खाऊन माझी जीभ कडू झाली तरी पोकळी ढिम्म हलत नव्हती. त्यात मला एचआयव्ही. आधीच्या दोन सर्जननी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत म्हणत मला वाटेला लावलं होतं. या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेताय, प्रतिकाराच्या पेशी चांगल्या आहेत. कापू या." जणू कलिंगडच. मला माणूस आवडला.

कापणं झालं. राहिलं खोकणं.

आता गंमत बघा. ज्या माणसाला इतकी वर्षं सगळ्यांनी 'इकडे खोकू नकोस' म्हणून हाकललं, त्याच्यापुढे आता अख्खा वॉर्ड हात जोडून उभा, की बाबा, खोक! दुसऱ्या दिवशीही उरलेलं फुप्फुस कफाने बुजलेलंच होतं, फुगायला तयार नव्हतं. "संध्याकाळपर्यंत कफ पडला नाही तर घशातून नळी घालावी लागेल, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्यासारख्याला मशीनवरून परत काढणं सोपं नसतं." या वेळी ते खुशीत नव्हते.

पण खोकला येईना. टाके दुखत होते हे खरंच, पण खरं कारण दादा होता.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं दोघांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. माझा आजार कळल्यावर त्याने आपलं स्टूल उचलून काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि माझा कप वेगळा केला. एचआयव्हीला तो 'तुझं ते' म्हणतो. मी खोकलो की तो बोलायचा नाही. मान खाली तशीच, फक्त हातातला चिमटा हवेत थांबायचा. माझं खोकून संपेपर्यंत चिमटा तिथेच. त्या चिमट्याची मी एवढी धास्ती घेतली की खोकला घशाशी आला की गिळून टाकायला शिकलो. आता गिळायची सवय काही सुटत नव्हती. ऑपरेशनच्या दिवशीही तो आला नाही. "दुकान कोण बघणार?" म्हणाला. राग आला होता मला, आणि रडूही.

आम्हाला श्वासाचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. वॉर्डात त्यांचं नाव खोकाबाई. सकाळी त्यांनी माझ्या पाठीवर थापा मारून पाहिल्या, फुगे फुगवून घेतले, ओरडल्या, गोड बोलल्या. मी नुसता घसा खाकरला. "हा खोकला आहे?" त्या म्हणाल्या. "मांजर बरी."

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या आणि नेमका त्याच वेळी दारात दादा उगवला. तोंडावर एकावर एक तीन मास्क. माझ्या थुंकीत आता जंतू सापडत नाहीत हे डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, पण तीन म्हणजे तीन. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घड्याळ.

"हे तूच उघडलं होतंस, बारक्या. मला जमत नाही. गिऱ्हाईक डोकं खातंय," तो दारातूनच म्हणाला.

"फुप्फुस कापलंय माझं! मी घड्याळं करू इथे?"

"आत्ता नाही रे. नंतर."

"तुम्ही नातेवाईक ना?" खोकाबाई म्हणाल्या. "या, उशी धरा. खोकताना टाक्यांवर दाबून धरायची. मी पाठीमागून धरते."

"मी इथंच बरा आहे."

"तिथून उशी पोचते का?"

दादा आला. उशीचं एक टोक दोन बोटांनी धरून त्याने ती माझ्या बरगडीला कशीबशी टेकवली.

"अहो, दाबा! स्क्रू नाही उचलायचा."

त्याने दाबली. कधी नव्हे इतका तो जवळ होता. मी त्याच्याकडे पाहिलं, कफ वर आला, आणि सवयीने मी तो गिळला.

"गिळला!" खोकाबाई कडाडल्या.

दादा खाली बघत पुटपुटला, "दुकानातही गिळायचास. मला कळायचं. म्हणून तर स्टूल लांब नेलं. म्हटलं, तुला मोकळेपणी खोकता यावं."

डोक्यात अशी तिडीक गेली! इतकी बेशरम थाप मी जन्मात ऐकली नव्हती. "थापाड्या! आणि कप? कपही मोकळेपणी खोकायचा का?" असं म्हणायला मी छाती भरून श्वास घेतला, पण 'थापाड्या'च्या पुढे शब्द आलेच नाहीत. आला तो खोकला. पोटापासून निघालेला, पलंग हलवणारा, छातीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुड करणारा. कफाचा हिरवट गोळा भांड्यात पडला, आणि त्यातला थोडा दादाच्या मनगटावर.

दादा पांढरा पडला. पण उशी सोडली नाही.

"अजून," खोकाबाई म्हणाल्या. मी अजून खोकलो. तो दाबून राहिला, डोळे गच्च मिटून.

मग तो गेला. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी पडत होतं. साबण संपवणार आज, असं मी खोकाबाईंना म्हणालो. आतून मात्र मला कळलं होतं की तो तसाच जिना उतरणार. वाईट वाटलं. फार वाईट.

नळ बंद झाला. दादा परत आला. तिन्ही मास्क जागेवर, हात कोपरापर्यंत ओले आणि लाल. घाबरलेला होता, दिसतच होतं. स्टूल बाजूला होतं, तिकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्या पलंगावर बसला, दोन्ही हातांनी उशी माझ्या बरगडीवर ठेवली आणि म्हणाला, "चल, खोक. खरंच थाप मारली मी."