वेस्टेज शून्य

माझा भाचा जितेश रोह्याच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. कंपनीने त्याला आठवडाभर ट्रेनिंगला धाडलं आणि तेव्हापासून तो माणसासारखं बोलेनासा झाला. फडताळाला स्टोअर म्हणतो, आईच्या ओट्याला वर्कस्टेशन. मी त्याचा सख्खा मामा, पण पेणला राहतो, त्यामुळे हे सगळं फोनवरच निभावून जायचं. मात्र त्याच्या बहिणीचं, सुरभीचं, लग्न ठरलं आणि जेवणाची जबाबदारी या पठ्ठ्याने अंगावर घेतली. मग मला गागोद्याजवळच्या त्यांच्या वाडीत जाऊन बसणं भाग पडलं.

"मामा, लग्नात सगळ्यात जास्त नासाडी जेवणाची होते," लॅपटॉप उघडून तो मला शिकवू लागला. "कारण फोरकास्ट नसतो. अंदाजाने शिजवायचं आणि उरलं की म्हशीला. आपण जस्ट इन टाइम करणार. जेवढी मागणी, तेवढंच उत्पादन. साठा म्हणजे पाप."

"आणि जास्त माणसं आली तर?"

"येणारच नाहीत. प्रत्येकाने आधी कन्फर्म करायचंय."

माझी बहीण शांती शेजारी वाल निवडत बसली होती. तिने हात थांबवला. "जितू, आपल्याकडं चूलबंद आमंत्रण देतात रे. त्या दिवशी कुणाच्या घरात चूल पेटता नये, सगल्यांनी आपल्या मांडवात जेवायचा. त्यांना काय इचारतोस, येताव का नाय म्हणून?"

तिला हे लागणारच. नवरा गेला तेव्हा सुतक फिटेपर्यंत तिच्या घरी जेवण वाडीतूनच यायचं. कोण डाळभात आणून ठेवायचं, कोण भाकऱ्या. पोरीच्या लग्नात या सगळ्यांना आपल्या हाताने पोटभर वाढायचं, एवढी एकच हौस तिने इतकी वर्षं जपली होती. पण लेक शिकलेला, पगारदार. तो म्हणाला, "आये, तू टेन्शन घेऊ नको," आणि तिने नाही घेतलं.

जितेशने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका टाकली, खाली 'किती जण येणार ते कळवा'. वराकडच्या, रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या मंडळींनी व्यवस्थित आकडा कळवला. वाडीतल्यांनी मात्र नुसते जोडलेले हात पाठवले. आपल्याच घरच्या कार्याला येतो म्हणून कुणी कळवतं का? ज्यांच्याकडे तसला फोन नव्हता त्यांनी काहीच पाठवलं नाही. जितेशने गप्प बसलेले वजा केले आणि जोडलेले हात म्हणजे नम्र नकार, असं ठरवून तेही वजा केले. मी म्हटलं, "अरे गाढवा, ते येणार आहेत." तो म्हणाला, "मामा, डेटा काय सांगतो ते बघा."

त्या डेटाप्रमाणे तांदूळ आला, डाळ आली, जिलेबी आली आणि गॅसचे सिलिंडरही मोजून आले.

लग्न थाटात लागलं. वाडीतले झाडून सगळे हजर होते. बायका पहाटेपासून राबत होत्या, पोरं वाढायला उभी होती. रीतीप्रमाणे आधी वऱ्हाड बसलं. अष्टमीकर जेवणारे निघाले. वालाच्या बिरड्याला दोनदा, जिलेबीला तीनदा हात पुढे येत होता. दुसऱ्यांदा मागणारा माणूस जितेशच्या लॅपटॉपमध्ये नव्हताच. वाडीतले बसायची वेळ आली तेव्हा आचाऱ्याने टोपाच्या बुडाला डाव घासून दाखवला. मी पळत जाऊन दुकानातून तांदळाचं पोतं आणलं, तर सिलिंडर संपलेले.

तेव्हा वाडीने जे केलं ते मी विसरणार नाही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. "आम्ही मघाशीच जेवलो गो," असं म्हणत एकेक बाई शांतीच्या पाठीवर हात फिरवून निघून गेली. एकीनेही खाल्लेलं नव्हतं. शांतीला ते कळत होतं आणि व्याह्यांसमोर तिला हसत उभं राहावं लागत होतं.

सुरभीला घेऊन वऱ्हाडाची बस निघाली. मांडव रिकामा झाला आणि शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग पलीकडून दुसरी. मग सगळ्या वाडीतून. शांती खांबाला धरून ऐकत राहिली. तिकडे जितेश रिकाम्या टोपाचा फोटो काढत होता, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला. "बघा मामा, वेस्टेज शून्य!" त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली मला. दिली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

शांतीने खांब सोडला आणि ती तडक शेजारच्या पुतळीच्या घरात गेली. मी मागोमाग. सुरभीची हळद याच पुतळीने दळली होती. ती कुकर उघडत होती.

"पुतळे, वाढ मला. सकाळपासून पोटात काय नाय," शांती खाली बसत म्हणाली.

पुतळीने वळूनही पाहिलं नाही. "तुझ्या मांडवातला जेवण लय चांगला झालेला म्हणतात. वऱ्हाडी सांगत व्हते."

पण पुतळीने शांतीपुढे ताट सरकवलं, मग माझ्यापुढे. एवढ्यात आईला शोधत जितेश दारात आला. दिवसभर धावपळीत तोही उपाशीच होता, चेहरा उतरला होता. पुतळीने त्याला एकदा खालून वर पाहिलं. डाळीत तांब्याभर पाणी ओतलं, चमचाभर मीठ टाकलं आणि आणखी एक ताट मांडलं.

जितेश जेवायला लागला. भराभर, बोटं चाटत. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

शांतीचा घास मात्र हातातच होता. "जितू," ती म्हणाली, "ही सगली माणसा माझ्या दारातून उपाशी गेली रे. माझ्या पोरीच्या लग्नात."

जितेशचा हात थांबला. त्याने आईकडे पाहिलं, पुतळीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला एकही इंग्रजी शब्द सुचेना.

"जेवू दे गो त्याला," पुतळी म्हणाली. "भुकेला हाय पोर."

मग तिने कुकर तिरपा करून बघितला. तिच्या स्वतःपुरता भात त्यात उरला नव्हता.