नदी मधून की कडेने

व्हिएन्ना शहराची चार दिवसांची सहल करून आल्याबद्दल अमरावतीचे भूगोलाचे शिक्षक चिंतामण सावळापूरकर यांचा १९५८ सालच्या मे महिन्यात, शेवटच्या रविवारी, जाहीर सत्कार झाला आणि त्याच सत्कारात, चहा यायच्या आधी, त्यांच्या अंगावरची शाल परत घेण्यात आली. पण असं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. अमरावतीतही सगळ्यांनी तसंच धरलं. हॉलमध्ये दीडशे माणसं होती. आज विचाराल तर त्यातला प्रत्येक जण त्या रविवारी कुठल्या तरी लग्नाला गेला होता.

तर चिंतामण. वय बेचाळीस, अक्षर सुंदर, पोट नाजूक. तिकडच्या कुठल्याशा भूगोल मंडळाने जगभरच्या शिक्षकांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता 'मी न पाहिलेलं शहर'. चिंतामणने व्हिएन्नावर इंग्रजीत अकरा पानं लिहून पाठवली. न पाहिलेल्या गावांबद्दल खात्रीने बोलायचा त्याला अठरा वर्षांचा अनुभव होता; भूगोल शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? बक्षीस लागलं. विमानाने जाणं-येणं आणि चार दिवस शहरदर्शन.

बातमी कळल्यावर पहिलं बोलावणं मोरोपंत गुरुजींचं आलं. मोरोपंत करजगावकरांनी त्याच शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. चिंतामण त्यांचा विद्यार्थी आणि त्यांच्याच खुर्चीवर बसलेला. आता गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर, उजवा डोळा गेलेला, डावा जायच्या तयारीत.

"चिंतामण," ते म्हणाले, "राजवाडे बघ, घोडे बघ, काय बघायचं ते बघ. मला एकच सांग. डॅन्यूब नदी त्या शहराच्या मधून जाते की कडेने?"

हा प्रश्न चिंतामणला ठाऊक होता. १९३१ ची नववीची वार्षिक परीक्षा, चौथा प्रश्न, गुण दोन. त्याने लिहिलं होतं 'मधून', कारण गुरुजींनी वर्गात तसं सांगितलं होतं. शेजारच्या बाकावरच्या भातकुलीच्या जानराव गावंडेने लिहिलं होतं 'कडेने', कारण भातकुलीच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात व्हिएन्नाच्या कुण्या गोऱ्या इंजिनियरने आपल्या गावचा नकाशा टांगला होता आणि जानरावाने तो बघितला होता. गुरुजींनी शून्य दिलं. जानराव दोन गुणांनी नापास झाला. त्याला नकाशे काढणारा सर्वेअर व्हायचं होतं. बाप म्हणाला, "झालं नं शिकनं? चाल, औत धर." त्याने धरलं.

"पुस्तकात बघता येईल, गुरुजी," चिंतामण म्हणाला.

"पुस्तकांवर माझा विश्वास नाही. मी स्वतः एक लिहिलंय." गुरुजींनी हात हवेत फिरवला. "अ‍ॅटलासात शहर म्हणजे एक ठिपका आणि नदी म्हणजे एक रेघ. ठिपका रेघेपेक्षा जाड. रेघ त्याच्या मधून जाणार नाही तर काय करेल? मी त्या ठिपक्यावर बत्तीस वर्षं काढली. तो जानराव दर दिवाळीला येतो माझ्याकडे. पाया पडतो, पायलीभर तूर ठेवतो, आणि एक शब्द बोलत नाही. सत्तावीस दिवाळ्या झाल्या. मला आता ते पाया पडणं सहन होत नाही रे. डोळा जायच्या आत मला कळू दे."

चिंतामणने शब्द दिला. शब्द द्यायला परवाना लागत नाही. विमानात बसायला लागतो, आणि त्यासाठी टोचून घ्यावं लागतं. टोचून झाल्यावर सहा दिवस गेले पाहिजेत, असा कागदावर नियम होता. पण अमरावतीत परदेशी जाणाऱ्या माणसाला निरोपाचं जेवण घालायचा नियम त्याहून जुना. अकरा घरांची आमंत्रणं होती. टोचलं की ताप येणार, ताप आला की जेवणं चुकणार, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी न जेवणं म्हणजे पुढची पिढी बोलत नाही. म्हणून चिंतामणने आधी अकरा जेवणं उरकली, मग टोचून घेतलं. मुंबईत विमानतळावर डॉक्टरांनी कागद बघितला. चार दिवस झाले होते.

"दोन दिवसांनी या," डॉक्टर म्हणाले.

"दोन दिवसांनी विमान नाही."

"मग दोन दिवसांनी येऊ नका."

विमान गेलं. अकराव्या घरचे अनारसे चिंतामणच्या पिशवीत तसेच होते.

परतीच्या गाडीत तो अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचं तिकीट घेऊनच बसला होता. पण सत्काराच्या पत्रिका छापून वाटल्या गेल्या होत्या. हॉल तेवढाच एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून समितीने तारीख तो निघायच्या आधीच ठरवली होती. मानपत्र तर काचेच्या चौकटीत बसवून तयार होतं आणि त्यात 'आपण व्हिएन्ना नगरीचे कण अन् कण न्याहाळले' असं सोनेरी शाईत लिहिलेलं त्याने स्वतःच वाचून शुद्धलेखन तपासून दिलं होतं. अकोला आलं. गाडी थांबली. चिंतामण उतरला. आपण का उतरलो ते त्याला बहिणीच्या दारात पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

रमाने दार उघडलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि आधी पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाली, "दादा, तार कर घरी. वहिनी काळजीत असेल."

"तारेत काय लिहू? जेवणांमुळे राहिलो?"

रमाने त्याला मागच्या खोलीत कोठीशेजारी खाट टाकून दिली. शेजारणींना सांगितलं की दूरचे पाहुणे आहेत, गोवर निघालाय. बेचाळिसाव्या वर्षी चिंतामणला गोवर निघाला आणि त्या गोवरात त्याने व्हिएन्नाचा अभ्यास केला. मुंबईत फोर्टात घेतलेली सहा चित्रांची कार्डं होती. राजवाडा, उंच छपराचं देऊळ, पाळण्याचं अवाढव्य चाक, पांढरे घोडे, एक बाग, आणि सहाव्यात पाणी, दोन्ही बाजूंना घरं. दोन्ही बाजूंना घरं म्हणजे मधून. त्याने सुस्कारा टाकला. मग मनात आलं, हे पाणी तेच कशावरून? कार्डाच्या पाठीवर जे लिहिलं होतं ते जर्मनमध्ये होतं.

"रमे," त्याने विचारलं, "तुमची मोर्णा गावाच्या मधून जाते की कडेने?"

रमा ज्वारी पाखडत होती. "आमच्याकडून बघशील तर कडेने. जुन्या शहरातल्यांना विचारशील तर त्यांच्या कडेने. मधे कोणी राहतच नाही, मधे नदी आहे."

या उत्तराने चिंतामणला खरोखरचा ताप भरला.

चौथ्या दिवशी सकाळी उजाडताच तो तोंडावर उपरणं घेऊन मोर्णेच्या पुलावर गेला. नदीकडे बघून काही सुचेल अशी आशा होती. मे महिना. नदीत पाणी कमी आणि म्हशी जास्त होत्या.

"काहून बे चिंत्या? तुले तं विएन्नाले जायचं होतं नं?"

मागे जानराव उभा होता. बियाणं घ्यायला अकोल्याला आलेला, खांद्यावर रिकामी पोती. सत्तावीस वर्षांत अंग भरलं होतं, आवाज तोच होता.

चिंतामणने उपरणं काढलं. आता ठेवूनही काय होणार होतं? सगळं सांगितलं. टोचणं, जेवणं, गोवर. जानराव मान हलवत ऐकत राहिला.

"म्हंजे तू जेवून राहिला," तो हसत म्हणाला.

"जानराव, गुरुजींनी एकच विचारलंय. नदी."

जानराव हसायचा थांबला. पोती खाली ठेवली. "अजून त्याईच्या ध्यानात हाय?"

"तुझ्या ध्यानात नाही का?"

"माह्या ध्यानात कसं नसन? जिनिंग बंद पडलं तवा तो नकाशा म्या मांगून घेतला. घरी भिताडाले लावला. वाळवीनं खाल्ला."

"नदी खाल्ली?"

"नदी शाबूत हाय. गाव खाल्लं. आता नदी कुठून जाते ते दिसते, गाव कुठं होतं ते दिसत नाही."

दोघं कठड्याला टेकून म्हशींकडे बघत राहिले. जाताना जानरावाने पोती खांद्यावर टाकली. "म्या कोनाले सांगत नाही," तो म्हणाला. "पन सत्काराले येईन. पत्रिका आली हाय मले."

चिंतामण ठरल्या दिवशी बडनेऱ्याला उतरला, हार घालून घेतले, घरी आला. त्याच्या बायकोने, ताराने, त्याची ट्रंक उघडली. सदरे एकेक करून बाहेर काढले. एक नाकाशी धरला, मग उजेडात धरला.

"अहो," ती म्हणाली, "नीळ इतकी जास्त फक्त रमावन्संच घालतात."

तिने सदरे पुन्हा धुवायला टाकले. रविवारी ती हॉलमध्ये बायकांच्या रांगेत बसली. पहिल्या रांगेत मोरोपंत गुरुजी काठीवर हनुवटी टेकून. तिसऱ्या रांगेत जानराव, स्वच्छ धोतर, मांडीवर टोपी.

अध्यक्ष निवृत्त वकील होते. त्यांनी शाल घातली. चिंतामण बोलायला उभा राहिला. राजवाडा सांगितला, चाक सांगितलं, घोडे सांगितले. लोकांनी घोड्यांना टाळ्या दिल्या. बाग सुरू करणार एवढ्यात काठी फरशीवर आपटली.

"बाकी राहू दे," गुरुजी म्हणाले. "नदी."

चिंतामणच्या डोळ्यांपुढे सहावं कार्ड आलं. 'मधून' म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि नजर तिसऱ्या रांगेत गेली. जानराव नुसता बघत होता. धमकी नाही, विनवणी नाही. दर दिवाळीला गुरुजींकडे बघत असेल तसा.

"कडेने, गुरुजी," चिंतामण म्हणाला. हे आपण दयेने म्हणालो की भीतीने, ते त्याला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

गुरुजी उठले. उठायला वेळ लागला. "जानराव आलाय का?"

"आलो जी."

गुरुजी वळले आणि त्यांनी हात जोडले. दिसत नसल्यामुळे ते जानरावाच्या शेजारच्या कापडवाल्याला जोडले गेले. त्यानेही घाबरून जोडले.

"जानराव, मी चुकलो," गुरुजी कापडवाल्याला म्हणाले.

"नाही जी गुरुजी!" जानराव धडपडत उठला, टोपी खाली पडली. "हात खाली करा आंधी. नदी मधूनच जाते. माहीच चूक झालती. पोरगं होतो, नकाशा उलटा पायला."

गुरुजींचे हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले.

"नकाशा उलटा पाहिला," ते म्हणाले, "तरी मधली नदी मधेच राहते, जानराव. एवढं तर मी शिकवलं होतं." ते पुन्हा व्यासपीठाकडे वळले. "चिंतामण. तू पुलावर उभा राहिलास?"

"राहिलो, गुरुजी." हे खरं होतं.

"पाणी कसं होतं?"

चिंतामणला फार दिवसांनी कोणी तरी त्याने पाहिलेल्या गोष्टीबद्दल विचारत होतं. उत्तर आपोआप आलं. "पाणी नव्हतं, गुरुजी. डबकी होती. म्हशी बसल्या होत्या."

बायकांच्या रांगेत ताराने मान खाली घातली. बत्तीस वर्षांचा भूगोल आणि चिंतामणच्या बहिणीचं सासर गुरुजींच्या डोक्यात एकदमच फिरलं असावं.

"मोर्णा," ते म्हणाले. "अकोला."

"हो, गुरुजी."

गुरुजींनी हात पुढे केला. चिंतामणने शाल काढून त्या हातावर ठेवली. आणि अध्यक्षांनी, काय करावं ते न सुचून, चौकटीतलं मानपत्र उचललं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवलं. 'कण अन् कण न्याहाळले' इथे त्यांचा आवाज थोडा बसला. चहा आला. लोक चहा न पिता लग्नांना गेले.

हॉल रिकामा झाल्यावर गुरुजींनी जानरावाला जवळ बसवलं. "आता खरं सांग. तुला काय वाटतं?"

जानरावाने टोपी झटकली. "मले काय वाटते, गुरुजी? मले वाटते, तवा म्या पास व्हाले पायजे होतो. नदीले जिकून जायचं तिकून जाऊ द्या."

गुरुजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिंतामणला बोलावलं. माफ केलं म्हणून नव्हे. "तुझं अक्षर चांगलं आहे, एवढ्यासाठी. घे कागद," ते म्हणाले, आणि मजकूर सांगितला. चिंतामणने खाडाखोड न करता उतरवून घेतला, आणि शेवटच्या कलमाशीही त्याचा हात थांबला नाही.

"माननीय शिक्षण अधिकारी साहेब यांचे सेवेशी, सविनय सादर.

अर्जदार मोरोपंत करजगावकर, निवृत्त शिक्षक, वय ७८, यांची विनंती की, सन १९३१ च्या इयत्ता नववीच्या वार्षिक परीक्षेत भूगोल विषयाच्या प्रश्न चारमध्ये विद्यार्थी जानराव गावंडे, राहणार भातकुली, यांस अर्जदाराने शून्य गुण दिले होते. सदर उत्तरपत्रिका शाळेने नियमाप्रमाणे तीन वर्षांनी जाळली असल्याची अर्जदारास कल्पना आहे. तरी तिची फेरतपासणी व्हावी. त्याकरिता खात्याने एक विश्वासू इसम चार दिवसांसाठी व्हिएन्ना येथे पाठवून, नदी शहराच्या मधून जाते किंवा कडेने, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून कळवावे. इसम अर्जदाराच्या हाताखाली शिकलेला नसावा. निघण्यापूर्वी त्यास कोणी जेवावयास बोलावू नये.

अहवाल येईपर्यंत सदर विद्यार्थी, हल्ली वय ४३, यांस दहावीच्या वर्गात तात्पुरते बसू द्यावे. तसेच याच प्रश्नाबद्दल विद्यार्थी चिंतामण सावळापूरकर यांस दिलेले दोन गुण व त्या गुणांवर त्यांनी आजवर केलेली अठरा वर्षांची नोकरी, नदीचा निकाल लागेपर्यंत, खात्याने आपल्या ताब्यात जपून ठेवावी. अर्जदाराचा डावा डोळा फार दिवस टिकणार नाही. सबब उत्तर मोठ्या अक्षरात यावे, ही नम्र विनंती."