पाडलेल्या तागावरची फुलपाखरं

आमचे हे दूध संघात जलमभर दुधाची फॅट बगायचं काम करून रिटायर झाले. गाई-म्हशी सोडून दुसऱ्या कशाकडं त्यांनी कधी मान वर करून बगितलं न्हाई. आन् म्हातारपनी एकदम म्हनाय लागले, "रतन, मला फुलपाखरं बगायचीत." मी म्हनलं, घ्या! एवढंच ऱ्हायलं हुतं.

पन हसू काय आलं न्हाई मला. त्याच दिशी आमी संगमनेरला डोळ्याच्या दवाखान्यात गेल्तो. डाक्टर म्हनला, काचबिंदू हाय. नजर कडंनं आत आत मिटत आलीय, नळीतून बगितल्यावानी मधलं तेवढंच दिसतंय. गेलेली नजर माघारी येत न्हाई, हाय ती थेंब टाकून टिकवायची. मी डाक्टरवरच उखडले. म्हनलं, आधी का न्हाई सांगितलं? त्यो गरीब मानूस म्हनला, "मावशी, आधी तुम्ही आलाच नाहीत."

मी अशी भांडत हुते, आन् हे भितीवरल्या फुलपाखरांच्या तक्त्याला नाक लावून उभे. एकेका चित्रावर नजर नेऊन ठेवायची, तिथनं उचलायची, दुसऱ्यावर ठेवायची. बाहीर आल्यावर म्हनले, "ही समदी आपल्याकडंच असत्यात म्हनं. म्या एक बी नीट बगितलं न्हाई गं. मिटायच्या आत एक तरी पुरतं बगू दे. पंखापासनं पायापोत्तर. मग काय बी होऊ दे."

काय बी होऊ दे म्हनं! मी म्हनलं, बसा गाडीवर, पाठीमागचं धरून बसा.

गाडी म्हंजी माझी स्कूटी. हे पाठीमागं आन् मी पुढं, अशी आमची वरात रोज निघायची. पारावरली मानसं दात काढायची. एकजन म्हनला, "वहिनी, उसात बिबट्या हाय, कुटं हिंडताय?" मी म्हनलं, बिबट्याला सांगून ठेव मी येतीय म्हनून. त्या दिसापासनं त्यो गप झाला.

कुटं जायचं ते आमची पूजा पुन्याहून फोनवर सांगायची. लेक माझी, पन मास्तरीनच. "आई, ऊन चढल्यावर जा, लवकर जाऊन उपयोग नाही. घाणेरीची झुडपं बघ, लिंबाची झाडं बघ, नदीकाठची ओली माती बघ. आणि अंगावर सावली पाडू नका, आणि तू बोलू नकोस." शेवटचं जरा जास्तच झालं, पन ऐकून घेतलं.

परवरा नदीच्या काठाला गेलो. ओल्या वाळूवर पिवळी बारकी फुलपाखरं बसल्याली, सांडल्याल्या हरभऱ्याच्या डाळीवानी. माझ्या डोळ्यांचं पारनं फिटलं. म्हनलं, ती बगा, ती बगा! हे वाकले, नजर हळूहळू तिथं न्हेली, आन् तवर भुर्रर. कालेजच्या बागंत गेलो. तिथं एक काळं, मोठं, डुलत डुलत येत हुतं. मी म्हनलं, उजवीकडं! ह्यांनी मान वळवली तवर ते डावीकडं. डावीकडं म्हनलं तर वर. ह्यांच्या नजरंत ताटलीएवढं जग मावतंय, आन् ते पाखरू काय ताटलीत थांबनार व्हय? लिंबाच्या बागा पालथ्या घातल्या, वढ्याची घाणेरी धुंडाळली. पुनतांब्याला पावनेपनाला गेल्तो तर गोदावरीच्या काठाला बी जाऊन बसलो. मला आताशा समदी ठिकानं पाठ झाली. कुटल्या झाडावर कोन बसतंय, कवा बसतंय, ते मी झोपंत सांगंन. ह्यांना मातर एक गवसंना.

एक दिस हे म्हनले, "जाऊ दे. तूच बगत जा आन् मला सांगत जा. तुझ्या तोंडनं बगतो."

आसा राग आला मला! म्हनलं, मी काय रेडिओ हाय? मी सांगनार न्हाई. तुमच्या डोळ्यांनीच बगायचं. आन् मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला रडून घेतलं.

त्यातच घरची कामं. उसाच्या लागनीआधी रानात ताग केल्ता. फुलोऱ्यात आला की ताग रानातच गाडायचा, त्याचं चांगलं खत हुतं. परवेज शेजारचाच, ट्रॅक्टर त्याचा. दसरा झाल्यावर त्यो आला, समदा ताग आडवा पाडून गेला आन् म्हनला, "काकी, उद्या रोटाव्हेटर मारून मातीत मिसळतो." त्याचा उद्या काय उगवंना. ट्रॅक्टरचा पाईप फुटला म्हनं, पार्ट मिळंना म्हनं. तिकडं माझा ताग वाळाय लागला, उसाचं बेनं बांधावर सुकाय लागलं. मी फोनवर परवेजची अशी खरडपट्टी काढली की त्याच्या अम्मीनं फोन काढून घेतला आन् मलाच म्हनली, "बानू बोलतीय. रतन, आता शांत हो बाई, पानी पी."

तर एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी रानात गेले. ताग किती वाळलाय बगावं म्हनलं. आन् बांधावरच माझं पाय थांबलं.

रान हालत हुतं. वारा न्हाई, काय न्हाई, आन् आडवा तागच्या ताग हळूहळू उघडमीट करत हुता. जवळ गेले तवा कळलं. फुलपाखरं! काळी, अंगभर आभाळी पट्ट्यांची. येका काडीला दहा-दहा लटाकल्याली. सुकल्याल्या तागाला तोंड लावून अशी बसल्याली, की माझा पदर लागला तरी उडंनात. जी उडायची ती बी जरा वर तरंगायची आन् परत तिथंच बसायची. आवाज म्हनून कसला न्हाई. मला वाटलं, मी हितं उभी न्हाईच, अजून घरी निजलीय.

मग भान आलं, आन् पळत सुटले. ह्यांच्या हातात च्याची कपबशी हुती, ती काढून घेतली. म्हनलं, चला. चपला ऱ्हाऊ द्या!

रानात आनून ह्यांना खाली बसवलं. हात धरून येका काडीपाशी न्हेला. म्हनलं, आता बगा. पळत न्हाईत ही.

हे वाकले. मग बारीक आवाजात म्हनले, "मुंडकं काळं हाय... त्याच्यावर पांढरं ठिपकं... सोंड आत-बाहीर करतंय गं. पाय... पाय बी दिसले." एक फुलपाखरू ह्यांच्या बाहीवर येऊन बसलं. हे श्वास धरून बसले. नजर पंखाच्या येका टोकापासनं दुसऱ्या टोकापोत्तर चालली हुती, मुलं बाराखडी गिरवत्यात तशी. ऊन हुतं, तागाचा वाळका गोडसर वास हुता, आन् आमच्या भवती ती निळीकाळी उघडमीट. किती येळ गेला कुनास ठाव. मी पूजाला फोटू पाठवला. तिनं लिहिलं, ब्लू टायगर, वाळलेल्या तागाला ती अशी येतात. म्हनलं, वाघ तर वाघ, ये बाबा.

तेवढ्यात फटफट करत ट्रॅक्टर बांधावर आला. परवेज वरनंच वरडला, "काकी, आलो! सरका, आता तासात उरकतो!"

मी दोनी हात पसरून ट्रॅक्टरच्या आडवी झाले. "बंद कर त्यो!"

"अवं, काल तर मला मारायला निघाला हुतात! बेनं सुकतंय, रानातली वल चाललीय..."

"सुकू दे! बंद कर म्हनते ना!"

त्यानं रानाकडं बगितलं. मग हे खाली कसे बसल्यात ते बगितलं, आन् चावी फिरवली. समदं परत गप झालं.

"बगितलंत का पुरतं?" मी ह्यांना इचारलं.

"बगितलं." ह्यांचं डोळं भरून आल्तं. "रतन, आता तू हितं बस."

"मला काम हाय. परवेजला काय ते सांगू दे..."

"बस म्हनतो ना. अशी म्होरं बस. हालू नगो, बोलू नगो."

जलमात मला कोन असं म्हनलं नव्हतं. मी बसले. ह्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आनलं, आन् नजर हळूहळू चालवाय लागले. हनुवटी, गाल, नाक. मी घामानं थबथबल्याली, केसात तागाचा कचरा. इतकी लाजले की काय सांगू. लगनात बी एवढी लाजले नव्हते.

"म्हातारी झालीस," हे म्हनले.

"तुमी काय तरनं राहिलाय व्हय?"

"गप." नजर माझ्या भिवईच्या वर गेली आन् तिथं थांबली. ह्यांनी बोट लावलं. "ही खून कसली? ही कवाची?"

"म्हशीचं शिंग लागल्तं. टाके पडल्ते."

"कवा? मला कशी दिसली न्हाई?"

"लई वर्सं झाली," मी म्हनलं. "तवा तुमचं डोळं चांगलं हुतं."

हे बोट तिथंच ठेवून लहान पोरावानी रडाय लागले. मी हालले न्हाई.