भिंतीकडची बाजू

मी एक जुनी, तीन दारांची निळी मोटार आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही भाजीच्या पिशव्या आणण्याच्या कामाची गाडी. तुमचा काही दोष नाही. अंगानं मी लहानच. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवून, गुडघे हनुवटीला लावून आत शिरावं लागतं. पण माझ्या बॉनेटखाली जे इंजिन आहे, ते माझ्याहून दीडपट मोठ्या गाडीला पुरलं असतं. कारखान्यातल्या माणसांनी ते मुद्दामच केलं. अशा गाड्यांना 'हॉट हॅचबॅक' म्हणतात. अंग हलकं, जीव दांडगा आणि बैठक जमिनीलगत. अ‍ॅक्सिलरेटरला पायाचा अंगठा लागला तरी मी उसळायची. हे मी फुशारकीनं सांगते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरुणपणी फार मारायची, आता थोडी मारते.

माझे पहिले मालक जमिनी मोजणारे सर्वेअर होते. माणूस अतिशय काटेकोर. ऑइल कधी बदललं, टायरमध्ये हवा किती भरली, सगळं एका वहीत लिहून ठेवायचे. सकाळी इंजिन नीट गरम होईपर्यंत त्यांनी मला कधी पळवलं नाही. नऊ वर्षं आमचं उत्तम जमलं. मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. माझ्या खोलगट सीटवर बसताना ते 'आई गं' म्हणत आणि उठताना त्याहून मोठ्यानं म्हणत. शेवटी त्यांनी मला विकायला काढलं आणि मी फार हिरमुसले.

मला बघायला बरेच जण आले. कुणी नुसतीच रेस देऊन आवाज ऐकला, कुणी फोटो काढून निघून गेला. मग धाकटी आली. दोन बहिणींतली ही धाकटी, म्हणून घरात तेच नाव पडलं आणि पुढं कामावरही तेच चिकटलं. वय बावीस. दातांच्या लॅबमध्ये ती कामाला होती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत आणि ही त्यांवरून कवळ्या बनवत असे. नखांत कायम पांढरं प्लास्टर. तिनं माझ्या दारावरून हात फिरवला तेव्हा मला कळलं की हिच्या बोटांना बारीकसुद्धा खोट सापडते.

सोबत तिचे बाबा होते. सव्वीस वर्षं बस चालवत होते. हात पाठीमागं बांधून त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक टायरला बुटाच्या टोकानं हलकेच टिचकी दिली. बसच्या डेपोत रोज ड्यूटीआधी ते असंच करत. मग म्हणाले, "एवढीशी गाडी आणि एवढं इंजिन? कुणाशी शर्यत लावायची आहे?"

"कुणाशी नाही हो बाबा. मला आवडली."

सर्वेअर हसले. म्हणाले, "मलाही तेवढ्याच कारणासाठी घ्यावीशी वाटली होती."

बाबांनी निघताना तिला फाटकाशी थांबवलं. "पैसे तुझे, गाडी तुझी. पण एक ऐक. एकदा जरी कुठं ठोकलीस, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!" ती म्हणाली. त्या दिवशी तिनं कशालाही कबूल म्हटलं असतं.

मला घरी नेलं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची आई डोकावली. या खिडकीखालीच माझी जागा ठरली, त्यामुळे घरातलं बोलणं मला आपोआप ऐकू येई. आईनं विम्याचा आकडा ऐकला आणि चहाचा कप खाली ठेवला. "का गं, विमा गाडीचा आहे की तुझ्या वयाचा?" तिनं विचारलं. आईला गाड्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण मर्मावर नेमकं बोट ठेवी.

ते पहिले महिने काय सांगू तुम्हाला! धाकटी मला दर सुट्टीला आंघोळ घाली. रिमच्या प्रत्येक खाचेत लॅबमधला जुना ब्रश घालून घाशी. सिग्नलला शेजारचे लोक काच खाली करून विचारत, "कितव्या सालची?" ती कॉलर ताठ करून सांगे. मीही मनातल्या मनात बॉनेट ताठ करी. लॅबच्या वाटेवर पाण्याच्या मोठ्या टाकीला वळसा घालणारं एक लांब वळण होतं. बाबा एकदा शेजारी बसले असताना म्हणाले होते, "वेग वळणाआधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर पायाची घाई नको." तिनं मान डोलावली. पण वळण आम्हा दोघींना आवडायचं. दर आठवड्याला आम्ही ते पहिल्यापेक्षा थोडं वेगानं घेऊ लागलो. तिला मी आवरायला हवं होतं, पण मला तरी कुठं आवरत होतं?

एका रविवारी संध्याकाळी त्या वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती. ती दिसताच धाकटी दचकली आणि तिनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. मित्रांनो, भरवेगात वळताना माझ्यासारख्या गाडीचा तोल फार नाजूक असतो. पाय एकदम उचलला की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. तसंच झालं. मी गर्रकन फिरले आणि माझं मागचं डावं चाक पदपथाच्या कडेवर आदळलं. रस्त्यावर दुसरं कुणीही नव्हतं. धाकटी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिली.

सकाळी तिनं टायरवरून बोटं फिरवली. बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. ती तडक गॅरेजमध्ये गेली. गॅरेज चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मावशींनी फुगवटा दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"पोरी, टायरला फुगा आलाय. म्हणजे आतले धागे तुटलेत. हा आज फुटेल की महिन्यानं, मी नाही सांगू शकत. या मापाचा टायर मागवावा लागेल, आठवडा जाईल. तोवर स्टेपनीवर चालव, आणि हळू चालव."

माझी स्टेपनी म्हणजे एक काळं, बारीक, सायकलच्या चाकाची थोरली बहीण शोभेल असं चाक. तात्पुरत्या कामाला चांगलं, पण शंभर पावलांवरून दिसतं. मावशींनी ते लावलं, फुगा आलेलं चाक डिकीत टाकलं. धाकटीनं घराच्या अलीकडच्या गल्लीत मला थांबवलं, जॅक काढला, स्टेपनी उतरवली आणि तेच फुगा आलेलं चाक पुन्हा चढवलं. बाबांना स्टेपनी दिसली असती ना! मग मला उलटी लावली, डावी बाजू भिंतीला चिकटवून, हात जेमतेम जाईल एवढीच फट ठेवून.

तिनं ठरवलं होतं की रोज सकाळी गल्लीत स्टेपनी लावायची आणि संध्याकाळी परत उतरवायची. दोन दिवस ते केलंही. नट कसताना तिची सफाई अशी, की तिचं कौतुक करावं की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना. तिसऱ्या दिवशी तिला उशीर झाला. "आजच्या दिवस," ती पुटपुटली आणि फुग्यावरच गेली. चौथ्या दिवशी तर ती काही पुटपुटलीही नाही.

मला बोलता येत नाही. मला जे येतं ते मी केलं. मागच्या चाकातून धडधड काढली, सीटखाली थरथर काढली. तिनं गाण्यांचा आवाज वाढवला. वेड्या पोरी, मी तुझ्यावर रागावले नव्हते. मला तुझ्या जिवाची भीती वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले. आल्या आल्या ते थांबले. नाक पुढं करून उभी राहणारी मी आठवडाभर पाठमोरी का लागते आहे, हे त्यांच्या नजरेत भरलं असणार. त्यांनी बाही वर केली आणि भिंतीच्या फटीतून हात आत घातला. त्यांची बोटं टायरवरून हळूहळू सरकली आणि फुग्यावर येऊन थांबली. मला हायसं वाटलं. आता हे ओरडतील, मग सगळं नीट होईल. पण ते ओरडले नाहीत. हात झटकून आत गेले. खिडकीतून मी कान देऊन ऐकत होते. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी कशी चालली आहे गं?"

"मस्त," धाकटी म्हणाली.

मग बाबा ताट घेऊन उठल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी आईला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दीड तासाचा रस्ता, त्यातला बराचसा हायवे. आई कधी माझ्यात बसत नसे, पण त्या दिवशी धाकटीनंच सोडायचं कबूल केलं होतं. आई सूप भरलेला थर्मास घेऊन आली, डावं दार भिंतीला म्हणून उजव्या दारातून सरकत पलीकडच्या सीटवर बसली आणि पट्टा शोधून लावला.

"एरवी मी जीव मुठीत धरून बसते हो," ती म्हणाली. "पण तू आहेस म्हटल्यावर काही वाटत नाही."

धाकटीनं किल्ली लावली. फिरवली नाही. मी वाट बघत होते. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सुरू होणं इतकं नकोसं कधी वाटलं नव्हतं.

"आई, उतर."

"का? काय राहिलं?"

"मागच्या टायरला फुगा आलाय. मी ठोकली. गेल्या रविवारी, टाकीच्या वळणावर." तिनं किल्ली काढून घेतली. "हायवेवर फुटला असता, आई. मला माहीत होतं. तरी मी तुला बसवलं."

आईनं थर्मासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पट्टा काढला आणि धाकटीच्या मागोमाग त्याच दारानं खाली उतरली. समोर फाटकात बाबा उभे होते. त्यांच्या एका हातात जॅक होता, दुसऱ्यात नट काढायचा पाना.

"मला कालच कळलं होतं," ते म्हणाले. "ही स्वतः सांगते का ते बघत होतो. इंजिन सुरू झालं असतं तर मी आडवा आलो असतो."

मला वाटलं, आता धाकटीची धडगत नाही. पण आई वळली ती बाबांकडे.

"आडवे आला असता! आणि मला सांगायला तोंड नव्हतं? एकीनं लपवलं, दुसऱ्यानं ओळखून लपवलं. तुमची दोघांची परीक्षा चालली होती, ठीक आहे. मी काय वजन म्हणून बसले होते त्यात?"

सव्वीस वर्षं चाळीस-चाळीस प्रवासी सुखरूप पोचवणारा तो माणूस हातातल्या जॅककडे बघत उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. विकायची अट मीच घातली. त्या अटीनं हिचं तोंड बंद केलं आणि मग मीच तिच्या बोलण्याची वाट बघत बसलो."

धाकटी रडत होती. आईनं तिला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. पायरीवर बसली, थर्मास मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "दोघं मिळून चाक बदला. माझ्यासमोर."

बापलेकीनं मला भिंतीपासून पुढं ढकललं आणि चाक बदललं. धाकटीनं नट सैल केले, बाबांनी चाक उचललं. फुग्याच्या मागच्या बाजूला टायर बोटभर चिरला होता. ती चीर आतापर्यंत कुणालाच दिसली नव्हती. बाबांनी चिरीत बोट घालून पाहिलं. आईनंही ती पाहिली. मग ती उठली, माझी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बसनं बहिणीकडे गेली.

किल्ली महिनाभर तिच्याच पर्समध्ये होती. परत देताना तिनं विकण्याची अट मोडीत काढली. "ओरखडा आला तर या घरात कुणी ओरडणार नाही," तिनं बजावलं. "पण त्याच दिवशी मला कळलं पाहिजे." नंतर बाबांनी आम्हा दोघींना एका मोकळ्या मैदानावर नेलं आणि वळणात पाय उचलला की काय होतं, ते धाकटीकडून हळू वेगात दहा-दहा वेळा करून घेतलं. पहिल्या गिरकीला त्यांनीच दाराची कडी घट्ट धरली होती. धाकटीनं ते पाहिलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

मित्रांनो, या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझा निळा रंग उन्हानं विटला आहे, सायलेन्सर खोकतो, मागची काच एकदा बदलली आहे. धाकटी आता स्वतःची लॅब चालवते. माझ्यावर तेरा ओरखडे आहेत. त्यांतला प्रत्येक कुणाकडून आला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीन तर बाबांचे आहेत आणि ते त्यांनी आपणहून सांगितले.

तुम्हीही उद्या मोठे व्हाल, तुमची पहिली गाडी घ्याल, तिला पुसाल, चमकवाल. जरूर चमकवा, आम्हाला ते आवडतं. पण आम्ही मुक्या आहोत. आमचं दुखणं कितीही धडधडून सांगितलं तरी शेवटी ते बोलावं लागतं तुम्हालाच. आमच्यात तुमच्या भरवशावर कुणीतरी बसणार असतं. काय बिघडलं आहे, ते त्याला दार उघडण्याआधी सांगा.